नाळीवर धरायला काही नसतं

नाखवा, गोदीतून सुटलो तो लालबागच्या खोलीवर पेटी टाकायलासुद्धा थांबलो नाही. पेटी खांद्यावर घेऊनच वरळीची वाट धरली. वाटभर एकच वाक्य मनात घोळवीत होतो, "नाखवा, तुम्ही जिंकलात." ते अंगणातूनच ओरडून सांगावं की जवळ बसून हळूच सांगावं, एवढाच काय तो प्रश्न होता. तुम्ही काय उत्तर द्याल तेही मी ठरवून टाकलं होतं. विडीचा धूर सोडून तुम्ही म्हणणार होतात, "जिकलो? मी हरलो कवा होतो रं?"

कोळीवाड्यात शिरलो. पावसाळ्यामुळे सगळ्या होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या होत्या. तुमचीही होती. तिच्या अंगाला मुशी माशाच्या तेलाचा वास तसाच येत होता. पण अंगणात ओंडका नव्हता, आणि फळी भिंतीला उभी करून ठेवली होती. पावसाळ्याच्या दिवसांत ती फळी मी उभी अशी कधी पाहिलीच नव्हती. काकी बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या पेटीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "पेटी खाली ठेव, मास्तर. उशीर झाला तुना."

तुम्हांला काय झालं होतं, किती दिवस अंथरुणावर होतात, खांदा कोणी दिला, ते तुमच्या मुलानं, धर्मानं, मग मला सांगितलं. ते इथे लिहीत नाही. ते साऱ्या कोळीवाड्याला ठाऊक आहे. मला जे लिहायचं आहे ते तुमच्यामाझ्यातलं आहे. अर्धवट शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं, तेव्हा कुठे चुकलं तर हसा. तसेही तुम्ही हसायचातच. मराठी चौथी अर्ध्यावर टाकून आलेल्या पोराला "मास्तर" म्हणून हाक मारणारे साऱ्या मुंबईत तुम्हीच.

तुमची माझी पहिली गाठ त्या फळीवरच पडली. वडील गेल्यावर देवगडाकडून मी मुंबईस आलो, गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकली आणि परळच्या एका गिरणीत लागलो. पट्टे फिरताना पाहिले की मला गरगरायचं. एकदा साच्यापाशीच खाली बसलो, आणि जॉबरानं बखोट धरून बाहेर काढलं. घरी काय कळवावं ते सुचेना. समुद्राचा वास आला की गाव आठवतं, एवढ्यासाठी चालत चालत वरळीपर्यंत आलो होतो. आणि तुमच्या अंगणात पाहतो तर काय, एक म्हातारा माणूस चार दांडग्या गड्यांना डोंबाऱ्यासारखा खेळ करायला लावतोय.

होड्या ओढायचा गोल ओंडका जमिनीवर आडवा टाकलेला. त्यावर जुन्या होडीची एक फळी. त्या फळीवर दोन पाय फाकून उभं राहायचं, आणि फळीचं एकही टोक जमिनीला टेकू द्यायचं नाही. ओंडका इकडे गडगडतो, तिकडे गडगडतो, आणि माणूस मधल्या मध्ये झुलत राहतो. शेजारच्या होडीचा पांडू कुडाला टेकून ओरडत होता, "नाखवा, ढोलकी आनू काय? आनि थाली फिरवायला कोन?" तुमचा धर्मा फळीवरून घसरला आणि सरळ चिखलात बसला. मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं होतं.

"काय हसतोस रं? ये, उभा ऱ्हा."

"नको. माका चक्कर येता," मी म्हणालो.

"चक्कर डोक्यात येते. मी तुज्या पायांना बोलावतोय. डोका तिथं कुडावर ठेव."

मी उभा राहिलो नि पडलो. पुन्हा उभा राहिलो नि पुन्हा पडलो. प्रत्येक वेळी माझा हात काहीतरी धरायला हवेत जायचा आणि त्या हाताबरोबर मी जायचो. तुम्ही ते लगेच हेरलंत. काकींना हाक मारून पेजेचा वाडगा मागवलात, काठोकाठ भरलेला, आणि माझ्या दोन्ही हातांत दिलात. म्हणालात, "यो तुजा जेवान. जेवढा सांडशील तेवढा कमी खाशील." सकाळपासून पोटात काही नव्हतं. वाडगा सोडवेना आणि काही धरवेनाही. पाय आपोआप कामाला लागले. सगळी पेज काही राहिली नाही, पण पोटात गेली तेवढी तुमच्या अंगणातली पहिली पेज.

पुढे कधीतरी मी विचारलं की मला का ठेवून घेतलंत. मी कोळी नाही, नात्यातला नाही, समुद्रावर कधी गेलेला नाही. तुम्ही म्हणालात, "तुना भ्या वाटतो. ज्याला भ्या नाय वाटत त्याला शिकवायचा म्हंजे लई तरास." बस. एवढंच. मी आणखी काहीतरी ऐकायची वाट पाहत होतो, पण तुम्ही जाळ्याच्या गाठी घालायला लागलात.

लोकांना वाटायचं, तुमची ती सवय म्हातारपणाची. बाकीचे नाखवे पावसाळाभर जाळी विणायचे, सुके बोंबील भाजायचे, पत्ते कुटायचे, झोपा काढायचे. तुम्ही मात्र होडी वर आली की आठवडाभरात ओंडका टाकायचात. जाळी विणायची तर ती फळीवर उभं राहून. ओहोटी लागली की शेवाळलेल्या खडकांवरून अनवाणी चालायचं, तेही खाली न बघता. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं आणि त्यात तुम्ही मागून येऊन हळूच ढकलायचं. काकी डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघायच्या, तेव्हा तुम्ही आम्हां सगळ्यांना काम थांबवून त्यांचं चालणं बघायला लावायचात. "मान बघा. कंबर बघा. पाटीतला पापलेट तरी हलतो काय?" काकी न वळताच म्हणायच्या, "चार गडी लावलं बायकोची कंबर बघायला! लाज वाटते का मेल्या?" आणि ती पाटी खरंच तसूभर हलायची नाही.

एकदा मी न राहवून म्हणालो होतो, "नाखवा, एकदा आलं ते आलं. पोहायला शिकलेला माणूस पोहणं विसरतो का? मग दर पावसाळ्यात हे कशाला?" आपला तो वाद तिथून सुरू झाला. तुम्ही म्हणायचात, पाय विसरतात. मी म्हणायचो, विसरत नाहीत. तुम्ही म्हणायचात, जमीन माणसाला लाडावून ठेवते. मी म्हणायचो, ही तुमची समजूत. फक्त एकदाच तुम्ही वाद न घालता बोललात. होडीला तेल चोळीत होतो आपण. तुम्ही म्हणालात, तुमचा धाकटा भाऊ रामा वादळात गेला नाही. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीला गेला, लख्ख ऊन होतं, समुद्र निजलेला होता. पावसाळाभर जमिनीवर चाललेले पाय घेऊन नाळीवर उभा राहिला. "मानसा वादलात नाय मरत, मास्तर. वादलात तो जागा असतो. पैल्या फेरीला मरतात." मग तुम्ही पुन्हा तेल चोळायला लागलात. मीही चोळीत राहिलो. त्या दिवशी काहीतरी बोलायला हवं होतं असं आज वाटतं. पण काय बोलायचं ते आजही ठाऊक नाही.

सगळंच काही असं जड नव्हतं. माहीमच्या खाडीतला तो दिवस आठवतो का? पाऊस उघडला होता, ओहोटी पार आत गेली होती, आणि तुम्ही आम्हांला निवट्या मासे धरायला चिखलात नेलंत. एका लांबट फळीवर एक गुडघा टेकायचा, दुसऱ्या पायानं मागे चिखलाला रेटा द्यायचा, आणि फळी चिखलावरून जी सुटायची! मला वाटलं आपण खाडीवरून उडतोय. मागून तुमचं ओरडणं, "थांबू नको रं! थांबलास तं बसशील! छाती फुढं, छाती फुढं!" मी थांबलो नाही. कुठे जायचं तेही ठाऊक नव्हतं, पण थांबलो नाही. शिंपल्या वेचणाऱ्या बायका माझ्या मालवणी बोलीची थट्टा करीत ओरडल्या, "आलं गो, माका-तुका आलं!" आणि त्यांच्या पाट्यांना वळसा घालताना मी अखेर कमरेपर्यंत रुतलो. तुम्ही तुमच्या फळीवरून आलात, मला बाहेर काढण्याआधी पोट धरून हसलात. मीही रुतल्या जागी हसत होतो. मुंबईला आल्यापासून मला कशाचीच भीती वाटली नाही असा तो एक दिवस. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. चिखलाचे आभार कोण मानतो?

मग तुमच्या होडीवर मी लागलो. सुकाणूवर तुम्ही, नाळीवर धर्मा, मध्ये मी आणि दुसरे गडी. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, हे मला गावीही ठाऊक होतं. पण तिथे उभं राहून लाटेवर नाचणारा जाळ्याचा बुडखा, म्हणजे खुणेचं तरंगतं लाकूड, आकड्यानं ओढून घ्यायचा म्हणजे काय, हे तुमच्या होडीवर कळलं. तिथे कठडा नाही, दोर नाही, धरायला काहीच नाही. समुद्र शांत असला की तुम्ही कधी कधी धर्माला मागे बोलवायचात आणि मला म्हणायचात, "जा. उभा ऱ्हा थोरा वेल." मी जायचो. पाठीवर तुमची नजर आहे एवढ्या आधारावर उभा राहायचो.

पण एक गोष्ट तुम्हांला कधी विचारता आली नाही. होडीवर येऊन किती काळ लोटला तरी कोळीवाड्यात मी "नाखवाचा पाव्हना"च होतो. पांडू तर तोंडावर म्हणायचा, "पाव्हन्याला किती दिवस ठेवायचा?" तुम्ही ऐकायचात. रागवायचा नाहीत आणि नाही असंही म्हणायचा नाहीत. मला विचारायचं होतं, "नाखवा, मी तुमच्या होडीचा आहे का?" कितीदा तरी जिभेवर आलं. तुम्ही हसाल म्हणून विचारलं नाही. खरं सांगायचं तर, तुम्ही हसणार नाही आणि गप्प बसाल, याची भीती जास्त.

आगबोटीवर जायचं मी ठरवलं ते आईसाठी. तिला दरमहा काही धाडता येईल, आणि आमच्या गावचा सारंग, म्हणजे आगबोटीवरचा खलाशांचा मुकादम, नवे खलाशी घेत होता. तुम्हांला सांगितलं तेव्हा तुम्ही पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुम्ही म्हणालात, "तिथं कठडा असतो."

"असतो. मग बरंच आहे ना?"

"वाईट. पाय आलशी होतात आनि हाताला खोड लागते. येशील तवा फलीवर उभा ऱ्हायला सांगीन, मग बघ."

"उभा राहीन."

"नाय ऱ्हानार."

"लावता पैज?"

"तुज्याकडं हाय काय लावायला?" असं म्हणून तुम्ही हसलात, आणि मी निघालो. त्यानंतर तुमचा आवाज ऐकला नाही. भांडण नव्हतं ते, नाखवा. तुमच्या तोंडचा शेवटचा शब्द हसण्यातला होता, हे मी रोज स्वतःला सांगतो.

आता जे सांगायला मी पेटी खांद्यावर घेऊन धावत आलो होतो ते सांगतो. आमची आगबोट लाकूड भरायला उत्तरेकडच्या एका बंदरात गेली आणि तिथे यंत्र बिघडून पडून राहिली. सगळीकडे बर्फ. पांढरं, घट्ट, चालायला गेलं की पाय उचलून आपटणारं. आणि तिथली माणसं, नाखवा, पायांना लांब लांब फळ्या बांधून त्या बर्फावरून जायची! पुढून वर वळलेल्या, होडीच्या नाळीसारख्या. डोंगरावरून सुटायची ती थेट खाली, गुडघे वाकलेले, छाती पुढे. म्हातारी माणसंसुद्धा. मी गोठत धक्क्यावर उभा होतो आणि मला माहीमची खाडी दिसत होती.

मग हळूहळू बर्फ वितळला. खालून गवत निघालं. मला वाटलं, आता त्या फळ्या माळ्यावर गेल्या, संपलं. एके सकाळी वखारीमागच्या अंगणात गेलो तर एक पिकल्या दाढीचा म्हातारा. त्याच्यासमोर जमिनीवर गोल ओंडका. ओंडक्यावर फळी. फळीवर एक तरणा गडी झुलतोय! बाकीचे ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारतायत, एका पायावर उभे राहतायत. बर्फ पडेपर्यंत त्यांचे पाय विसरू नयेत म्हणून. मला त्यांची भाषा येत नव्हती, पण हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या म्हाताऱ्यानं मला हातानं बोलावलं. मी चढलो फळीवर. उभा राहिलो! फळी टेकली नाही. मला इतका आनंद झाला की मनात म्हटलं, नाखवा, पैज मी जिंकली. तेवढ्यात म्हातारा जवळ आला, चुकचुकला आणि माझा उजवा हात धरून बाजूला केला. माझा हात कुंपणावर होता. तो कधी तिथे गेला मला कळलंच नव्हतं. हात काढला आणि मी खाली आलो. सगळे हसले. मी सगळ्यांपेक्षा जास्त हसलो, कारण मला त्या क्षणी तुमचं तोंड दिसत होतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला, तुमची भाषा न येणारा माणूस तुमचंच म्हणणं म्हणत होता. तुम्ही जिंकला होतात. हे सांगायला तुम्ही हवे होतात, नाखवा. तुमच्याशिवाय हे ऐकून कोणाला काय होणार? धर्माला सांगितलं, त्यानं मान हलवली. खोलीवर सांगितलं, तर कोणी म्हणालं, "बर्फार फळये? थापा मारू नको."

काकींनी मला विचारलं ते तुमचा दिवा लावून झाल्यावर. धर्मा आता सुकाणूवर बसणार. मग नाळीवर कोण? बाहेरचा गडी ठेवायचा तर तो मिळेल, पण तो फळीवर उभा राहिलेला नसेल. "तू ऱ्हाशील काय, मास्तर? नाय तं नाय सांग. पौर्निमेच्या आत सांग." त्याच आठवड्यात सारंगाचाही निरोप आला होता. दुसरी आगबोट, चांगली जागा.

काकींना काय पणाला लावायला लागत होतं ते मला कळत होतं. पहिल्या फेरीला नाळीवरचा गडी घसरला तर वाईट मानतात. वर्षभर बोलतात. आणि ज्या घरचा कर्ता माणूस नुकताच गेला त्या घरच्या होडीवरून असं झालं तर! तरीही त्यांनी कोळ्याला सोडून मला विचारलं. तुम्ही त्यांना काही सांगून ठेवलं होतं का? मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांना बोलता येत नव्हता." म्हणजे तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं. माझा प्रश्न होता तिथेच राहिला, आणि आता तो विचारायला कोणी नव्हतं.

मी ओंडका टाकला. धर्मानं फळी आणून ठेवली. रोज परळ-लालबागची वाट तुडवून यायचो आणि उभा राहायचो. पाय येत होते, हळूहळू. हात मात्र ऐकत नव्हते. घराची भिंत जवळ होती, हात भिंतीकडे जायचा. काकींनी ते एकदा पाहिलं. काही न बोलता त्यांनी ओंडका पायानं गडगडवत अंगणाच्या मधोमध नेला आणि आत निघून गेल्या. पांडू कुडाशी उभाच होता. "डोंबारी गेला, खेल चालूच!" तो म्हणाला. धर्मा कधी बोलत नाही हे तुम्हांला माहीत आहे. तो म्हणाला, "तू बी उभा ऱ्हा ना." पांडू उभा राहिला नाही. तुम्ही असतात तर काय बोलला असतात याचा विचार करत मी फळीवर झुलत राहिलो. फळीवर असताना तुम्ही जवळ असल्यासारखं वाटायचं. खाली उतरलं की तुम्ही नाही हे पुन्हा नव्यानं कळायचं. म्हणून मी उतरायला वेळ लावायचो.

सारंगाला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "खुळो काय रे तू? आगबोट सोडून होडयेर जातंस? आणि ती पण दुसऱ्याची?" त्याचं शेवटचं वाक्य वाटभर बोचत राहिलं.

पौर्णिमेला नारळ वाहिला. तुमच्या होडीवर यंदा पताका नव्हत्या, फुलंही नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी. सारा कोळीवाडा किनाऱ्यावर. मी नाळीवर चढलो. किल्ल्याच्या खडकाजवळ आडवी लाट येते, तुम्ही नेहमी सांगायचात. ती आली. पाय बरोबर होते, नाखवा. मी आजही शपथेवर सांगतो, पाय बरोबर होते. पण हात कठडा धरायला गेला. कठडा नव्हता.

पाण्यात पडलो. किनाऱ्यावरून एक 'आ' ऐकू आला, आणि मग पांडूचा आवाज त्याच्या होडीवरून, "परला! मास्तर परला! पैल्याच फेरीला!" धर्मानं होडी वळवली, केसांना धरून मला वर ओढलं. मी मध्ये बसायला निघालो. त्यानं मानेनंच नाळ दाखवली. मी गेलो. ओलाचिंब, दोन्ही हात छातीशी बांधून. बुडखा आकड्यात आला, जाळं वर आलं, मासळी आली. मी पुन्हा पडलो नाही. पण त्याचं मला काहीच वाटत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की काकी किनाऱ्यावर उभ्या आहेत, आणि मी त्यांच्या घरावर अपशकुन आणला आहे.

किनाऱ्याला लागलो तेव्हा पांडूची होडी आधीच आलेली. माणसं गोळा झालेली. काकी रिकामी पाटी घेऊन पाण्यात गुडघाभर उभ्या होत्या. मान वर करायचा मला धीर होईना. पांडू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय गो काकी, वरस कसा जानार तुमचा? तुमचा पाव्हना परला!"

काकींनी पाटी होडीच्या काठाला टेकवली.

"परला," त्या म्हणाल्या. "मंग? आमचा मानूस, आमच्या होरीवरना परला. तुज्या होरीवरना परला का?"

काकी माझ्याकडे वळल्या. "बगतोस काय? मासली उतरव."

मी मासळी उतरवली. पाटी भरून त्यांच्या डोक्यावर दिली. त्या बाजाराच्या वाटेनं चालायला लागल्या आणि मी सवयीनं सुकाणूकडे पाहिलं. तिथे धर्मा दोर गुंडाळीत होता.

आता विचारण्यासारखं काही उरलं नाही, नाखवा. तरी तुम्ही हवे होतात.